नवं क्लासिकल, फ्यूजन आणि त्यांची परीक्षणं: आमच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्याला आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहाबारा जण जमतो, एक आख्खं रेकॉर्डिंग न बोलता ऐकतो, मग त्याबद्दल कुठे कोणी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचतो आणि मग चहावर भांडतो. नवीन माणूस आला की तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं माझी आहेत, बैठकीतल्या सगळ्यांना पटतात असं नाही.

"कंटेम्पररी क्लासिकल" म्हणजे काय? क्लासिकल तर जुनंच असतं ना?

वेस्टर्न क्लासिकलच्या परंपरेत, म्हणजे ऑर्केस्ट्रा, स्ट्रिंग क्वार्टेट, लिहिलेली नोटेशन्स हे सगळं घेऊन, आजच्या किंवा कालपरवाच्या माणसांनी रचलेलं संगीत. फिलिप ग्लास, स्टीव्ह राइख, टेरी रायली, पोलंडचे हेन्रिक गोरेत्स्की ही त्यातली नावं. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो, एवढंच. आमच्याकडे सगळ्यात जास्त लागतं ते क्रोनोस क्वार्टेट, डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७३ ला सुरू केलेलं, आणि पन्नास वर्षं हे लोक नवीनच संगीत वाजवतायत, त्यातलं कितीतरी खास त्यांच्यासाठी लिहून घेतलेलं.

परीक्षण आधी वाचायचं की नंतर?

नंतर. आधी फक्त कोण वाजवतंय, कुठल्या सालचं आहे आणि किती वेळाचं आहे एवढं बघा. परीक्षण आधी वाचलं की कान त्या माणसाचे होतात, त्याने "मधला भाग लांबलाय" लिहिलं असेल तर तुम्ही मधल्या भागाला घड्याळ बघायला लागता. मी हे स्वतः केलंय म्हणून सांगते.

एकच रेकॉर्डिंग एकाला थोर वाटतं आणि दुसऱ्याला टाकाऊ, मग खरं कोणाचं?

यासाठी गोरेत्स्कींच्या तिसऱ्या सिंफनीची गोष्ट ऐका. १९७६ मध्ये लिहिली, १९७७ ला फ्रान्समध्ये रुआयाँच्या महोत्सवात पहिल्यांदा वाजली. तिथे जमलेले समीक्षक तेव्हाच्या कडक आधुनिक संगीताच्या बाजूचे, त्यांना वाटलं हे काय, तिन्ही भाग संथ, सूर ओळखीचे, हा माणूस मागे चाललाय, आणि बऱ्याच जणांनी तसं लिहिलं. मग १९९२ ला तीच सिंफनी गायिका डॉन अपशॉ यांचा आवाज, लंडन सिंफोनिएटा हा वाद्यवृंद आणि त्याचं संचालन करणारे डेव्हिड झिनमन यांच्या रेकॉर्डिंगमध्ये आली आणि दहा लाखांहून जास्त खपली, नव्या क्लासिकलच्या मानाने हे न ऐकलेलं होतं. तेव्हा परत समीक्षकांत दोन तट पडले, एक म्हणाले शेवटी लोकांपर्यंत पोचणारं काही आलं, दुसरे म्हणाले एवढं खपतंय म्हणजे सोपं असणार.

आता बघा, नोटेशनमधला एक सूर बदललेला नव्हता. मधल्या पंधरा वर्षांत ऐकणाऱ्यांचे कान बदलले, काळ बदलला. मधल्या भागात जे शब्द गायलेत ते गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीत भिंतीवर एका अठरा वर्षांच्या मुलीने कोरलेले, आईला उद्देशून, रडू नकोस म्हणून सांगणारे. १९७७ ला ज्यांना त्यात फक्त "जुने स्वर" ऐकू आले त्यांचं काय चुकलं, तर ते संगीताला विचारत होते की तू कुठल्या पक्षाचं. खरं कोणाचं हे ठरवायला मी समीक्षकाने काय ऐकलं ते शोधते, त्याचा निकाल बाजूला ठेवते. "पहिल्या भागात बेसपासून सुरू होऊन एकेक तंतुवाद्य वर वर चढत जातं" असं लिहिणाऱ्याने निदान ऐकलंय, मग त्याला आवडो न आवडो.

मी मोबाइलवरच ऐकतो, चालतं ना?

नाही चालत, निदान या संगीताला तरी नाही. आमच्याकडे एक वहिनी येतात, त्या पहिल्यांदा म्हणाल्या की ती पोलिश सिंफनी लावली तर सुरुवातीला किती वेळ काहीच नाही, रिकामंच आहे. मला कळेना. मग त्यांचा फोन घेऊन लावला तर खरंच काही नाही! सिंफनी सुरू होते ती डबल बेसच्या अगदी खालच्या सुरांवर, सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास, आणि फोनच्या त्या बारक्या स्पीकरला तो सूर काढताच येत नाही, वरची कुजबुज तेवढी येते. हेडफोन लावून दिला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि हात छातीवर ठेवला, म्हणाल्या अगो हे तर आतमध्ये वाजतंय. तेव्हापासून कोणी "कंटाळवाणं आहे" म्हणालं की मी पहिलं विचारते, कशावर ऐकलंत. महागडं काही नको, कानात बसणारे साधे वायरवाले हेडफोनही पुष्कळ झाले.

आमचे गुरुजी म्हणतात फ्यूजन म्हणजे बाटवाबाटवी. त्यांना काय सांगू?

गुरुजींना उलट बोलू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण गाताना साथीला पेटी घेतात का तेवढं बघा. पेटी युरोपातून आली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली ती १९७१ पर्यंत होती, एकतीस वर्षं. बंदीच्या आधी तिच्याविरुद्ध जोरात लिहिणाऱ्यांत एक होते जॉन फोल्ड्स, इंग्रज संगीतकार, रेडिओच्या दिल्ली केंद्रावर युरोपियन संगीत बघायचे. आणि हेच फोल्ड्स भारतीय वादकांना नोटेशन शिकवून त्यांचा वाद्यवृंद बांधत होते, म्हणजे आजच्या भाषेत फ्यूजनच करत होते!

त्यांचा आक्षेप चुकीचा नव्हता, पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सूर पट्टीला बांधलेले. पण इकडे आपल्या नाटकवाल्यांनी काय केलं? गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवाले, १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, आणि नाट्यसंगीतात ऑर्गन आणि पेटी अशी मुरली की आज ती काढून टाकली तर नाट्यगीत उघडं वाटेल. म्हणजे समीक्षकाने वाद्याची मर्यादा बरोबर ऐकली, पण वाजवणारे त्या मर्यादेतून वाट कशी काढतील ते त्याला दिसलं नाही. नवीन फ्यूजन ऐकताना मी दोन्ही लक्षात ठेवते.

मग चांगलं फ्यूजन आणि वाईट फ्यूजन ओळखायचं कसं?

हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि याचं उत्तर मला माझ्या मामाने दिलं.

क्रोनोस आणि आशा भोसले यांचा २००५ चा अल्बम आहे, राहुल देव बर्मन यांची गाणी, सोबत झाकीर हुसेन यांचा तबला आणि वू मान यांचं पिपा नावाचं चिनी वाद्य. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला राग आला होता. ओळखीची गाणी, मूळचा तो भरलेला ऑर्केस्ट्रा डोक्यात पक्का बसलेला, आणि इथे सगळं वेगळंच, मी बैठकीत म्हणाले की परदेशी लोकांनी हौस म्हणून केलंय. मामा कुडाळकडचा, आयुष्यभर दशावतारी नाटकांत पेटी वाजवली. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून ऐकत होता, काही बोलला नाही, मग परत लाव म्हणाला. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाला, "हे बाईक सोडून खंयच जाणत नाय." म्हणजे हे बाईला सोडून कुठेच जात नाहीत, बाई श्वास घेते तिथे हे थांबतात, ती शब्द जरा ओढते तर हे मागे राहतात.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात हे तुम्हाला माहितीच आहे, राजा किंवा राक्षस काय बोलेल ते त्या रात्री ठरतं, त्यामुळे पेटीवाला आणि पखवाजवाला सतत नटाच्या तोंडाकडे बघत असतात, आणि मामाचे कान त्यात घडलेले. त्याने ऐकलं ते मला ऐकू आलं नव्हतं कारण मी मूळ गाण्याशी तुलना करण्यात गुंतले होते. चार वादक ज्यांचं शिक्षण सगळं कागदावरचं, ते सत्तरी ओलांडलेल्या गायिकेच्या श्वासामागे चाललेत. म्हणजे ते आपल्या जागेवरून हलले.

तेव्हापासून माझी कसोटी एकच, कोण किती हललं? दोन परंपरा एकत्र आल्या तर दोघांनाही आपली सवय थोडी सोडावी लागते. सतारवाला नेहमीचंच वाजवतोय आणि मागे ऑर्केस्ट्रा ढग पसरल्यासारखे लांब लांब सूर धरून बसलाय, तर कोणीच हललेलं नाही, दोन रेकॉर्डिंग एकावर एक ठेवल्यासारखं. किंवा तबल्याने एक ठेका धरला आणि शेवटपर्यंत तोच, मग एक तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, सगळे समेवर, टाळ्या. टाळ्या येतात हो, तिहाई ऐकून येणारच, पण त्या तिहाईला येतात, एकत्र येण्याला नाही.

श्रुतींचं, म्हणजे सुरांमधल्या बारीक फरकांचं, काय? पियानोबरोबर राग लागतोच कसा?

बऱ्याचदा नीट लागत नाही, आणि हे परीक्षणात फार कमी लिहिलं जातं. पियानोची बाराही स्वरांची पट्टी समान भागांत कापलेली, त्यात शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पियानो तो गंधार धरून बसला आणि गायक त्याच गंधारावर न्यास करायला, म्हणजे थांबायला, गेला की दोघांमध्ये एक बारीक थरथर ऐकू येते, ती एकदा ओळखता आली की मग सोडत नाही. व्हायोलिन, चेलोला पडदे नसतात म्हणून ते गायकाकडे सरकू शकतात, त्यामुळे भारतीय गळ्याबरोबर पियानोपेक्षा क्वार्टेट जास्त जमतं असं माझं मत आहे.

ग्रॅमी मिळालं म्हणजे चांगलंच ना?

ग्रॅमी मिळालं म्हणजे ते लक्षात आलं एवढं नक्की. पण मला त्यातल्या खान्यांमध्ये जास्त रस आहे. व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिन आणि पंडित रविशंकर यांच्या 'वेस्ट मीट्स ईस्ट'ला १९६८ च्या सोहळ्यात ग्रॅमी मिळालं ते चेंबर म्युझिकचं, म्हणजे क्लासिकलच्या घरातलं. पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्या अल्बमला १९९४ मध्ये मिळालं ते वर्ल्ड म्युझिकमध्ये. आशाताई आणि क्रोनोसचं नामांकन पण वर्ल्ड म्युझिकच्याच खान्यात. २०२० मध्ये त्या "वर्ल्ड"चं नाव बदलून "ग्लोबल" केलं.

खाना ठरला की परीक्षण कोण लिहिणार ते ठरतं आणि इथेच खरी गोची आहे. क्लासिकलचा समीक्षक असेल तर तो क्वार्टेटच्या गजाबद्दल दोन परिच्छेद लिहितो आणि रागाबद्दल "सुगंधी, ध्यानमग्न" असे दोन शब्द. आपल्याकडचा असेल तर बंदिश, आलाप, तबल्याचा कायदा सगळं नीट आणि मग "पाश्चात्त्य वाद्यांची साथ उत्तम" म्हणून संपवतो. दोघं मिळून सुद्धा पूर्ण परीक्षण होत नाही कारण दोघांच्या मधे जे घडलं ते कोणीच लिहिलेलं नसतं. म्हणून आम्ही एका रेकॉर्डिंगची निदान दोन परीक्षणं वाचतो, दोन वेगळ्या घरांतल्या माणसांची. क्रोनोसचाच 'पीसेस ऑफ आफ्रिका' हा अल्बम १९९२ मध्ये अमेरिकेच्या क्लासिकल आणि वर्ल्ड म्युझिक अशा दोन्ही खपाच्या याद्यांत पहिला आला होता, ऐकणाऱ्यांना ती भिंत नकोच होती असं मला त्यातून वाटतं.

एकत्र काम करायला किती वर्षांची तयारी लागते?

याला नियम नाही. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर भेटले आणि तासाभराच्या आत रेकॉर्डिंग सुरू झालं, कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये, आणि त्या अल्बममध्ये एकमेकांना चाचपडत ओळखण्याचा जो ताजेपणा आहे तो तालमींनी गेला असता. दोघंही तारेवर घसरणारे वादक, एकाची मोहनवीणा, दुसऱ्याची स्लाइड गिटार, त्यामुळे भाषा आधीच सारखी होती.

उलट मेन्यूहिन यांच्यासाठी बरंचसं आधी लिहून दिलेलं होतं आणि ते त्यांनी फार प्रामाणिकपणे वाजवलंय, पण रविशंकर मोकळे सुटतात तिथे फरक कळतो. फिलिप ग्लास तर १९६० च्या दशकात पॅरिसला रविशंकरांचं संगीत नोटेशनमध्ये उतरवून द्यायच्या कामावर होते, तिथून त्यांचा आपल्या तालाशी संबंध आला, आणि दोघांचा 'पॅसेजेस' हा अल्बम आला थेट १९९० ला. तो पूर्ण मंचावर वाजायला २०१७ उजाडलं, लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात, सतारीवर रविशंकरांच्या कन्या अनुष्का शंकर होत्या.

टेरी रायली अजून वेगळे. १९७० पासून ते किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य, १९९६ ला गुरू गेले तोपर्यंत. त्यांनी क्रोनोससाठी लिहिलेलं ऐकलंत तर सतार नाही, तबला नाही, वरवर भारतीय काही नाही, पण एका सुरावर थांबायची जी तयारी आहे ती कुठून आली ते ओळखू येतं. समीक्षेत "भारतीय रंग" शोधणारे अशा ठिकाणी फसतात.

हे सगळं बाहेरचं झालं. आपल्या कोकणात याचं काय?

असं म्हणू नका हो! या किनाऱ्याने हे फार आधी केलंय. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या पोरांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवलं गेलं, तीच मुलं पुढे मुंबईला जाऊन हिंदी सिनेमाची ऑर्केस्ट्रा झाली. त्यातले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांचं नाव नुसतं १९७७ च्या गाण्यामुळे लोकांना माहीत आहे, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलाल यांचे गुरू, त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतल्या. मेन्यूहिन-रविशंकर रेकॉर्ड यायच्या आधी कितीतरी वर्षं. त्यांच्या सिनेमातल्या कामाबद्दल थोडं तरी लिहिलं गेलं, या स्वप्नाबद्दल फार कमी. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण समीक्षा झाली नाही की काम टिकत नाही, पुढच्याला ते झालं होतं हेच कळत नाही.

आणि केरीच्या गायिका केसरबाई केरकर, त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ ला नासाच्या व्हॉयेजर यानावर गेली. रेकॉर्डिंगच्या बाबतीत फार काटेकोर असलेल्या बाईंची तीच छोटीशी भैरवी ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली.

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २०१५ मध्ये झाकीरभाईंनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी तबल्याचा कॉन्चेर्टो लिहिला, 'पेशकार' नावाचा. तबला तिथे साथीला नाही, ऑर्केस्ट्रासमोर मुख्य जागी बसलाय.

मराठीत अशी परीक्षणं का सापडत नाहीत?

सापडतात पण त्यात ऐकलेलं कमी असतं. "कार्यक्रम उत्तरोत्तर रंगत गेला, रसिक मंत्रमुग्ध झाले" हे वाक्य कुठल्याही कार्यक्रमाला लागतं. एकदा जवळच्या गावात बासरी आणि गिटारचा कार्यक्रम होता, पहिल्या अर्ध्या तासात वीज गेली आणि कलाकारांनी माइकशिवाय वाजवलं, गिटार जवळजवळ ऐकूच येईना तर बासरीवाल्याने हळू फुंकत फुंकत तिला वर येऊ दिलं. संध्याकाळचा सगळ्यात सुंदर भाग तो होता. दोन दिवसांनी एका पेपरात आलं ते पाहुण्यांची नावं, दीपप्रज्वलन आणि मंत्रमुग्ध. मी कात्रण जपून ठेवलंय, काय लिहायचं नाही ते आठवायला.

मला लिहायचंय, पण संगीताचं शिक्षण नाही. जमेल का?

जमेल. एक जागा निवडा, कितव्या मिनिटाला काय झालं ते लिहा, कोण थांबलं, कोण पुढे गेलं, तुम्हाला काय झालं. रागाचं नाव येत नसेल तर लिहू नका. "अप्रतिम" हा शब्द एकदाच वापरायचा असा आमच्या बैठकीचा नियम आहे. आवडलं नाही तर तेही सरळ लिहा, पण दोनदा ऐकून.

सुरुवात कुठून करू?

भट्ट-कूडर, मग आशाताई आणि क्रोनोस, मग 'पॅसेजेस'. त्यानंतर शक्ती, म्हणजे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांचा फ्यूजन गट, ज्यांची सुरुवात १९७५ च्या आसपासची आणि २०२३ च्या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी, म्हणजे एकाच नावाखाली जवळजवळ पन्नास वर्षं ऐकता येतात. गोरेत्स्की सगळ्यात शेवटी आणि रात्री.

पुढच्या बैठकीला काय लावणार?

गोरेत्स्कीच, पण दिवाळीनंतर. जूनमध्ये लावली होती तर कौलांवर असा पाऊस होता की बेसची सुरुवातीची पाच मिनिटं कोणालाच ऐकू आली नाहीत, आणि मामाने तेव्हाच सांगून ठेवलंय की ती पाच मिनिटं त्याला परत हवीत.